माइनक्राफ्टमध्ये कोकणचा सडा, कडा आणि खाडी: जमीन कशी बांधायची?

कातळवाट (प्रश्न)

जावा एडिशन १.२१, क्रिएटिव्ह (ब्लॉक हवे तेवढे मिळतात तो प्रकार), सोबत वर्ल्डएडिट (मोठा भाग एकदम भरणारं, बदलणारं मॉड). क्षेत्र पूर्व-पश्चिम ५०० आणि उत्तर-दक्षिण ३५० ब्लॉक. गणपतीपुळे ते जयगड पट्ट्यात दिसते तशी जमीन हवी आहे: पश्चिमेला समुद्र, मग पुळण (वाळूचा किनारा), माडांची वाडी, चढ, आणि वर सपाट सडा. दक्षिणेच्या कडेला खाडीचं मुख. एखादं नेमकं गाव हुबेहूब उतरवायचं नाही.

तीन गोष्टी अडल्या आहेत. स्फिअर (गोळ्याच्या) ब्रशने दगड टाकून वर स्मूद (उंचसखलपणा घालवणारी कमांड) फिरवला की डोंगर उलट्या वाटीसारखा दिसतो, सडा वाटतच नाही. कड्याला टेराकोटा, ग्रॅनाइट, कोर्स डर्ट हे ब्लॉक टक्केवारीने मिसळून लावले तर नुसते ठिपके दिसतात. आणि समुद्र पोहण्याच्या तलावासारखा निळाशार येतो, खाडीही तशीच. क्रम काय ठेवावा आणि आकडे काय धरावे, हे कोणी नीट सांगेल का?

---

सडेकरी

तुमचा क्रम उलटा आहे. ब्रशने रास घालून जी जमीन होते ती टेकडीची. सडा म्हणजे मुळात सपाट पठार, ओढ्यांनी आणि समुद्राने कडेकडेने कापलेलं. तेव्हा रचायचं कमी, कापायचं जास्त.

खरी जमीन कशी लागली आहे ते आधी डोक्यात ठेवा, कारण सगळा आकार त्यातून येतो. वर जांभा, कडक, उभा तुटणारा. त्याच्या खाली पांढुरकी-गुलाबी चिकण माती, मऊ. तिच्याखाली कुजलेला आणि मग ताजा काळा दगड, म्हणजे बेसॉल्ट. पावसाचं पाणी जांभ्यातून झिरपतं, चिकण मातीला अडतं आणि तिथूनच झऱ्याने बाहेर पडतं. माती धुपली की वरचा जांभा अधांतरी होऊन मोठे धोंडे सुटतात आणि उतारावर येऊन पडतात. म्हणून कोकणातल्या कड्याला वर उभी टोपी, मधे धोंडे पसरलेला उतार आणि समुद्राशी काळा कातळ, असे तीन वेगळे भाग दिसतात. तिन्ही भागांना एकच ब्रश फिरवला की वाटी झालीच.

आकडे. समुद्राचा सर्वांत वरचा पाण्याचा ब्लॉक वाय ६२ वर असतो (वाय म्हणजे उंचीचा आकडा), तो हलवू नका. उंची अर्ध्या प्रमाणात घ्या, म्हणजे सडा १०४ वर पुरे. रुंदीची वाटणी पश्चिमेकडून अशी धरा: समुद्र १२०, पुळण २५, वाडी ४५, उतार ५५, सडा २५५. बेरीज ५००.

पहिल्यांदा उतार आणि सडा मिळून ३१० बाय ३५० एवढा भाग नुसत्या स्टोनने ९१ पर्यंत भरा. रंगाचा विचार आत्ता अजिबात नको. आता सड्याची कड लोकरीच्या ब्लॉकांनी वरच आखून घ्या. ही रेषा सरळ ठेवू नका, १५-२० ब्लॉक आत-बाहेर होऊ द्या, आणि दर ६०-८० ब्लॉकला एक घळ ४० ते ७० ब्लॉक आत घुसवा. घळी सारख्या अंतरावर नकोत. एक मोठी, दोन लहान, मग बराच वेळ काहीच नाही, असं बरं दिसतं.

रेषेच्या बाहेरचा दगड पायऱ्यांनी उतरवा: दर पायरी ४ ब्लॉक उंच, ८ रुंद. म्हणजे ९१ पासून ६८ पर्यंत सहा पायऱ्या आणि साधारण ४८ ब्लॉक रुंदी. मग त्या उतारावर स्मूद दोन किंवा तीन आवर्तनं. जास्त नको, पाचाच्या पुढे सगळं लोण्यासारखं होतं. त्यानंतर नॅचरलाइज. ती कमांड वर गवत, खाली तीन थर माती आणि मग दगड लावते.

टोपी सगळ्यांत शेवटी. बहुभुज सिलेक्शन घ्या, लोकरीच्या रेषेवरून टोकं टाकत जा, ९२ ते ९५ पांढरा टेराकोटा आणि ९६ ते १०४ जांभ्याच्या रंगाचा ब्लॉक भरा. अशाने स्मूद टोपीला लागतच नाही आणि कड धारदार राहते. स्मूद जमिनीच्या वरच्या पृष्ठभागाची उंची मोजून काम करते. पुढे आलेला खडक किंवा कपार तिला कळत नाही, ती बिघडवते. झाडं लावल्यावर स्मूद मारली तर झाडाचा शेंडाही तिला जमीन वाटतो आणि सुळके उभे राहतात.

टोपीच्या कडेला मग हाताने काम: ठिकठिकाणी पांढऱ्या थरात दोन ब्लॉक आत खणा, वरचा जांभा लोंबता ठेवा, आणि त्याच्या बरोबर खाली उतारावर ३ ते ५ ब्लॉकचे धोंडे टाका. धोंडा जिथून तुटला ती खाच वर दिसली पाहिजे. वाटेल तिथे टाकलेले धोंडे लगेच खोटे वाटतात. घळीच्या माथ्याशी पांढऱ्या थरातून पाण्याचा एक ब्लॉक सोडा, झरा झाला. सपाटीवर पाणी उगमापासून ७ ब्लॉकच जातं, तेव्हा घळीच्या तळाला दर पाच-सहा ब्लॉकला एक पायरी खाली द्या म्हणजे वहाळ (ओढा) तुटत नाही.

सड्याचा माथा पूर्ण सपाट नको. ३०० ब्लॉकमध्ये तीन-चार ब्लॉकचा उतार समुद्राकडे पुरतो.

---

चिरेखाण

वरचं सगळं पटलं. ठिपक्यांबद्दल लिहितो.

टक्केवारीचं मिश्रण प्रत्येक ब्लॉकला वेगळा फासा टाकतं, म्हणून शेजारी-शेजारी रंग उडतात. खडकात रंग पट्ट्यांनी आणि डागांनी बदलतो. एका भागाला तीनच ब्लॉक घ्या, तेही एकमेकांच्या जवळच्या छटेचे, आणि ३ ते ७ ब्लॉकचे वेडेवाकडे डाग रंगवा. खाचेत गडद, पुढे आलेल्या कोपऱ्यावर फिकट. एवढ्यानेच निम्मं काम होतं. टक्केवारी वापरायचीच तर शेवटी, एका डागाच्या आत, ८५ आणि १५ अशी.

जांभ्यासाठी: नुकता तुटलेला चिरा केशरी-तांबडा असतो, उघड्यावर राहिलेला काळपट तपकिरी. म्हणून ताज्या तुटलेल्या जागी साधा टेराकोटा आणि केशरी टेराकोटा, जुन्या कड्याला तपकिरी टेराकोटा, आणि सड्याच्या माथ्यावर तपकिरी टेराकोटा, कोर्स डर्ट आणि थोडा टफ. लाल टेराकोटा जपून, तो फार चटकन डोळ्यात जातो. ग्रॅनाइट गुलाबी आहे, त्याने जांभा होत नाही. पण एका कामाला लागतोच. टेराकोटाच्या पायऱ्या, स्लॅब, भिंती खेळात नाहीत. वाडीतून सड्यावर जाणाऱ्या पाखाडीला (पायऱ्यांच्या वाटेला) ग्रॅनाइटच्या किंवा मड ब्रिकच्या पायऱ्या आणि गडग्याला (दगडी कुंपणाला) मड ब्रिकची भिंत, हाच जवळचा पर्याय.

खालच्या काळ्या कातळाला बेसॉल्ट नावाचा ब्लॉक घेऊ नका. नाव बरोबर आहे, पण त्याच्या बाजूवर उभ्या रेषा आहेत आणि तो खांबासारखा दिसतो. स्मूद बेसॉल्ट, कॉबल्ड डीपस्लेट आणि अँडेसाइट घ्या. भरतीच्या रेषेपर्यंत गडद, वर फिकट.

सड्यावर माती पसरायची नाही, हा तिथला मुख्य गुण. नॅचरलाइज फक्त स्टोन, डर्ट आणि ग्रास ब्लॉकला हात लावते, त्यामुळे टेराकोटाची टोपी असेल तर ती सुरक्षित राहते. मोकळ्या जागी साधं डर्ट टाकलं तर शेजारचं गवत काही वेळाने त्यावर चढतं. कोर्स डर्टवर किंवा रूटेड डर्टवर चढत नाही. कातळावर एक ब्लॉक खोल उथळ खळगे करा, तळाला मड ब्रिक स्लॅब टाकून त्यात पाणी भरा, पावसाळ्यातली डबकी तयार. एका कोपऱ्यात २० बाय १२ चा सरळ भिंतींचा ६ ब्लॉक खोल खड्डा कापला की चिऱ्यांची खाण होते. सरळ रेषा शोभणारी सड्यावरची ती एकमेव जागा. राजापूर-रत्नागिरीकडच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत, ती करायची तर खोदू नका. एक ब्लॉक खोल चर या मापाला फार रुंद होतो. फिकट टेराकोटाची रेघ पुरे.

---

कातळवाट

टोपी शेवटी घालायची हे डोक्यातच आलं नव्हतं. एक शंका: ९ थर जांभा आणि ४ थर पांढरा, २५५ बाय ३५० वर, हे एका झटक्यात टाकलं तर लॅपटॉप बसेल का? आणि हेच वर्ल्डएडिटशिवाय करता येतं का? दुसऱ्या एका सर्व्हरवर मॉड चालत नाहीत.

---

सडेकरी

घळी धरल्या नाहीत तर ते साडेअकरा लाखांच्या वर ब्लॉक होतात. साध्या मशीनवर चार तुकड्यांत करा, आणि आधी वर्ल्डच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. अनडूवर विसंबू नका, त्याच्या इतिहासाला मर्यादा असते. खरं तर सड्याच्या पोटात कोण बघणार? कडेपासून दहा-बारा ब्लॉक आतपर्यंत पूर्ण थर आणि बाकी ठिकाणी वरचे तीन थर जांभ्याचे पुरे, आतला भाग स्टोनने भरा. पोकळ मात्र सोडू नका, अंधारात मॉब (खेळातले राक्षस) तयार होतात आणि खालून आवाज येत राहतात.

मॉड नसेल आणि कमांडची परवानगी असेल तर खेळातलीच फिल कमांड, ती आखलेला भाग एका ब्लॉकने भरते. तिला एका वेळी ३२,७६८ ब्लॉकची मर्यादा आहे. २५५ बाय १२८ चा एक थर म्हणजे ३२,६४०, बरोबर बसतो. म्हणजे एका थराला तीन पट्ट्या, १३ थरांना ३९ कमांड. पट्टीच्या मध्यावर उभं राहून टाका, चंक (जमिनीचा तुकडा) लोड नसला तर कमांड नाकारली जाते. मर्यादा गेमरूलने (खेळाच्या नियमांच्या सेटिंगने) वाढवता येते, पण सर्व्हर दुसऱ्याचा असेल तर विचारून.

---

वरवडे_७

सर्व्हायव्हलमध्ये (ब्लॉक स्वतः मिळवावे लागतात त्या प्रकारात) करणाऱ्यांसाठी दोन शब्द, कारण टेराकोटाचा हिशेब आधी करावा लागतो. एक क्ले ब्लॉक भट्टीत टाकला की एक टेराकोटा. आठ टेराकोटा आणि एक रंग मिळून आठ रंगीत. दोन डर्ट आणि दोन ग्रॅव्हल यांचे चार कोर्स डर्ट. डर्टवर पाण्याची बाटली ओतली की मड, त्यात गहू घातला की पॅक्ड मड, आणि चार पॅक्ड मडच्या चार मड ब्रिक. बॅडलँड्स हा खेळातला ओसाड प्रदेश जवळ असेल तर क्ले शोधत बसू नका, तिथे टेराकोटा थेट खणून मिळतो, रंगीतही.

हाताने उतार बांधायचा तर समोच्च रेषा वापरा. ६४, ६८, ७२ अशी दर चार ब्लॉक उंचीला वेगळ्या रंगाच्या लोकरीची एक रेषा पूर्ण फिरवून घ्या आणि मगच मधलं भरा. रेषा जवळ आल्या तिथे चढ, लांब गेल्या तिथे सपाटी. चूक जमिनीवर दिसायच्या आधी रेषांतच दिसते.

---

तिवर_कांदळ

पाणी राहिलंच की! ते मी घेतो.

समुद्र तलावासारखा दिसतो त्याची कारणं दोन: तळ आणि बायोम (खेळातला प्रदेशाचा प्रकार). पाणी पारदर्शक असल्याने खाली पांढरी वाळू आणि सगळीकडे तीन ब्लॉक खोली असेल तर ते तलावच दिसणार. तळ दर १० ते १५ ब्लॉकला एक ब्लॉक उतरवा, आणि पुळणीपासून २० ब्लॉक पुढे गेल्यावर वाळूऐवजी ग्रॅव्हल, मड आणि राखाडी काँक्रीट. पाण्याचा रंग बायोमवर ठरतो. वॉर्म ओशनचा हिरवा-निळा रंग आपल्या समुद्राला नको, साधा ओशन द्या. खाडीला स्वॅम्प, त्याचं पाणी गढूळ हिरवट असतं. मुखाजवळ दोन्ही बायोम एकमेकांत शिरतील असे वेडेवाकडे तुकडे टाका. बायोम ४ बाय ४ बाय ४ च्या घनांत साठवला जातो, म्हणून त्याहून बारीक नक्षी करायला जाऊ नका. मॉड नसेल तर फिलबायोम कमांड आहे, १.१९.३ पासून.

खाडी सरळ कालव्यासारखी कापू नका. वळणाच्या बाहेरच्या काठाला पाणी दगड खातं, तिथे काठ उभा आणि पात्र ५-६ ब्लॉक खोल. आतल्या काठाला गाळ साचतो, तिथे १-२ ब्लॉक पाणी आणि चिखलाचा लांब पसारा. हे एकदा पाळलं की खाडी आपोआप खरी दिसते. मुखाशी दोन्ही बाजू सारख्या करू नका. एका बाजूला कातळाचं नाक, किल्ला बांधायचा तर त्यावर, जयगड किंवा विजयदुर्गासारखा. दुसऱ्या बाजूला वाळूची जीभ, मुख अर्धं अडवणारी. कर्ली नदी आणि समुद्र यांच्या मधली देवबागची पट्टी नकाशात बघा, आकार लगेच कळेल. जीभ ८० ते १०० ब्लॉक लांब, १५-२० रुंद, पाण्याच्या वर दोनच ब्लॉक.

कांदळवनाला मड आणि मडी मँग्रोव्ह रूट्स हे दोन ब्लॉक जमिनीला. खेळातली मँग्रोव्हची मुळं कांदळाच्या मुळांसारखी कमानदार आहेत, ती पाण्याच्या अगदी काठाला लावा. मागे तिवरं. त्यांची पेन्सिलीसारखी वर आलेली मुळं दाखवायला मडी मँग्रोव्ह रूट्सवर पॉइंटेड ड्रिपस्टोनचं एकेक टोक उभं करा, पाण्यातही राहतं. वरून उडी मारली तर लागतं मात्र. प्रोपॅग्यूल (मँग्रोव्हचं रोप) लावून झाड वाढवलं तर ते या मापाला फार उंच जातं, ४-५ ब्लॉकची झुडपं हाताने करा.

कातळाचा लाटांनी कापलेला ओटा, हरिहरेश्वरला प्रदक्षिणेच्या वाटेवर आहे तसा, हवा असेल तर सगळं काम वाय ६२ च्या एकाच थरात होतं. निम्मे ब्लॉक पूर्ण, ते पाण्यापेक्षा जेमतेम वर दिसतात. पाव भाग पाणी भरलेले कॉबल्ड डीपस्लेटचे स्लॅब, ते पाण्याखाली अर्धवट बुडलेले दिसतात. उरलेल्या जागी दोन ब्लॉक खोल भोकं आणि समुद्राच्या दिशेने लांबट चिरा. ओटा कड्याच्या पायथ्यापासून १२-१५ ब्लॉक पुढे न्या आणि तिथे एकदम तीन ब्लॉक खाली तोडा.

पुळणीचा चढ दर ८ ब्लॉकला एक. पायरी दिसू नये म्हणून मधल्या अर्ध्या उंचीला स्मूद सँडस्टोनचा स्लॅब, कारण वाळूचा स्लॅब नसतो. वाळूखाली सँडस्टोनचा थर ठेवा; नाहीतर पुढे कधी खालचा ब्लॉक काढलात की वरची वाळू ढासळते.

---

आगरातली

उंची-नकाशा घेऊन वर्ल्डपेंटरमध्ये (नकाशावरून खेळाची जमीन तयार करणाऱ्या प्रोग्राममध्ये) टाकला तर एवढा खटाटोप लागतो का? उपग्रहाची माहिती फुकट मिळते.

---

सडेकरी

ताई, मोठ्या भूभागाला तोच मार्ग बरा, ५०० बाय ३५० ला नाही. शटल या अवकाशयानाच्या मोहिमेची २००० सालची उंचीची माहिती ३० मीटरला एक बिंदू अशी आहे. एक मीटरला एक ब्लॉक धरला तर इथल्या अख्ख्या क्षेत्रात १७ बाय १२ च्या आसपास बिंदू येतील. कडा असा दोन बिंदूंच्या मधे हरवतो आणि साधा उतार होऊन बसतो. समुद्राचा तळही त्यात नसतो. वापरायचाच तर उंची-नकाशाचं चित्र १६ बिटचं घ्या. ८ बिटमध्ये २५६च पायऱ्या असतात, त्यामुळे सह्याद्रीसकट मोठा पट्टा घेतला की जमीन जिन्यासारखी येते. आणि टोपी तरीही हातानेच कापावी लागेल.

---

चिरेखाण

बायोमचा विषय निघाला म्हणून गवताचं आणि पानांचंही सांगून ठेवतो. जंगल (Jungle) बायोममध्ये गवत झगझगीत हिरवं येतं, तो पावसाळा. सव्हाना या कोरड्या गवताळ बायोममध्ये पिवळट, ते दिवाळीनंतरचं. सव्हानात पाऊस पडतच नाही, त्यामुळे डबकी भरलेली आणि गवत पिवळं असं एकत्र ठेवू नका.

अडचण अशी की ओक, जंगल, अकेशिया, मँग्रोव्ह यांची पानंही बायोमचा रंग घेतात. सड्याला सव्हाना दिला की आंबा-काजू पण वाळल्यासारखे पिवळे. स्प्रूसच्या पानांचा रंग कुठेही बदलत नाही, गडद हिरवाच राहतो. आंब्याला तीच लावा. वाडीला वेगळा जंगल बायोम द्या म्हणजे माड हिरवे राहतील.

माडाचं झाड खेळात नाही. बुंधा १० ते १४ ब्लॉक, मधे एक-दोन ठिकाणी एक ब्लॉक समुद्राकडे सरकवलेला, वर आठ दिशांना चार-चार ब्लॉकच्या झावळ्या, शेवटचा ब्लॉक एक खाली. दोन-तीन नमुने करून कॉपी करा, पेस्ट करताना हवा वगळा, नाहीतर शेजारच्या झाडाच्या झावळ्या कापल्या जातात.

---

कातळवाट

माड कालच लावायला घेतले होते. वर्ल्डएडिटने भरलेल्या झावळ्या थोड्या वेळाने गळून जातात, हाताने लावलेल्या टिकतात. हे कशामुळे? आणि पुळणीचा एक भाग रत्नागिरीच्या मांडवीसारखा काळ्या वाळूचा करायचा आहे, त्याला राखाडी काँक्रीट पावडर चालेल ना?

---

तिवर_कांदळ

हाताने लावलेल्या पानाला खेळ कायमचं धरतो. कमांडने भरलेल्या पानाची पर्सिस्टंट (कायम टिकणारं) ही खूण फॉल्स म्हणजे ‘नाही’ असते, आणि लाकडापासून सहा ब्लॉकच्या आत जोडलेलं नसेल तर ते गळतं. भरताना पानाच्या नावापुढे चौकोनी कंसात पर्सिस्टंट ट्रू लिहा. आधी लावलेल्यांनाही रिप्लेसने तसं बदलता येतं.

पावडर कोरड्या पुळणीला उत्तम, पण पाण्याला लागली की जागच्या जागी काँक्रीट होते आणि तो पट्टा फरशीसारखा गुळगुळीत दिसतो. म्हणून पाण्यालगतच्या दोन-तीन ओळी आणि पाण्याखालचा तळ टफ आणि ग्रॅव्हलचा करा, पावडर त्याच्या मागून सुरू करा. पावडरही वाळूसारखी खाली पडते, तेव्हा तिच्याखाली भक्कम थर हवाच.